काल्यातली शिदोरी



गळ्याने साथ सोडली त्याला आता सहा वर्षे झाली. कीर्तनात एक सोय असते. बोलताना कुठे अडखळले तर मागचे टाळकरी विठ्ठल विठ्ठल धरतात, मृदंगावर थाप पडते आणि तेवढ्यात महाराज सावरून घेतात. कागदावर ती सोय नाही. आज ज्या विषयावर लिहायला बसलो आहे त्यात मी अडखळणार हे मला ठाऊक आहे. तेवढे सांभाळून घ्या.

मे महिन्यात नात पुण्याहून हसनाबादला आली. नऊ वर्षांची आहे. ऊन उतरेपर्यंत ओसरीवर माझ्या शेजारी बसून वाचते आणि अर्धे मला ऐकवते. तिच्या पिशवीत एक चित्रांचे पुस्तक होते, भोपाळच्या चित्रकार कनक शशी यांचे. गुठली नावाच्या एका मुलाची गोष्ट. मुलाची की मुलीची, हाच त्या गोष्टीतला पेच आहे. घरचे म्हणतात मुलगा. गुठलीला आतून वाटते की मी मुलगी. बहिणीचा फ्रॉक घातला म्हणून आई रागावते, आणि ते हसते-खेळते लेकरू एकदम गप्प होते. शेवटी फ्रॉक हातात ठेवते तीही आईच. एवढीच गोष्ट. पुस्तक मराठी नव्हते, नात अर्थ सांगत वाचत होती. संपल्यावर तिने पान मिटले आणि आंबा मागितला. तिच्या दृष्टीने विषय तिथे संपला.

तो संपला नाही तो मोठ्यांच्या दृष्टीने. ओसरीवर त्या वेळी गावातले आणखी दोघे बसले होते. त्यातल्या एकाने विचारले, "महाराज, तुमच्या घरात हे?" संध्याकाळी हरिपाठ झाल्यावर देवळात तोच विषय निघाला. कोणी म्हणाले, आता पोरांच्या गोष्टीतही हे आणायला लागले. कोणी म्हणाले, हे सगळे परदेशातून आलेले आहे, आज फ्रॉक, उद्या दोन पुरुषांचा संसार दाखवतील. एका निवृत्त गुरुजींनी सरळ सांगितले की असल्या पुस्तकांवर बंदी आणली पाहिजे. मग सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी विणा खुंटीला लावला आणि घरी आलो. पन्नास वर्षे लोकांसमोर बोललेला माणूस त्या दिवशी गप्प का राहिला, ते पुढे सांगतो.

आधी हे पाहू की दोन पुरुषांचा संसार दाखवणारे पुस्तक खरोखर आहे का. आहे. मुलाला विचारले तर त्याने मोबाईलवरून माहिती काढून वाचून दाखवली. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयात रॉय आणि सायलो नावाचे दोन नर पेंग्विन होते. दोघे जोडीने राहत. इतर जोड्यांचे पाहून त्यांनी घरटे केले आणि एक दगड अंडे समजून उबवत बसले. रखवालदाराने दुसऱ्या जोडीचे जादा अंडे त्यांना दिले. त्यातून पिल्लू निघाले, त्याचे नाव टँगो. २००५ साली या खऱ्या घटनेवर लहान मुलांचे पुस्तक निघाले आणि अमेरिकेत वर्षानुवर्षे ज्या पुस्तकांविरुद्ध वाचनालयांकडे सर्वांत जास्त तक्रारी आल्या, त्यांत ते वरच्या क्रमांकावर राहिले. सिंगापूरमध्ये २०१४ साली राष्ट्रीय वाचनालयाने ते काढून घेतले आणि लगदा करायचे ठरवले. त्यावर लोक रागावले, काही आईबाप मुलांना घेऊन वाचनालयाच्या आवारात वाचायला जाऊन बसले. मग पुस्तक लगद्यातून वाचले आणि मोठ्यांच्या कपाटात गेले. पेंग्विनच्या पिल्लाची गोष्ट मोठ्यांच्या कपाटात!

अमेरिकेतल्या मेरिलँड राज्यात काही आईबाप वेगळ्या तऱ्हेने भांडले. त्यांत मुसलमान होते, ख्रिस्ती होते. शाळेत अशी पुस्तके वाचून दाखवताना आमच्या मुलांना वर्गाबाहेर बसू द्या, एवढेच त्यांचे मागणे होते. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या जूनमध्ये ते मान्य केले. आपल्या देशात २०२१ साली एनसीईआरटीने शिक्षकांसाठी एक पुस्तिका काढली होती, शाळेत तृतीयपंथी मुलांना कसे सांभाळून घ्यावे याची. तक्रारी झाल्या आणि काही दिवसांतच ती संकेतस्थळावरून काढली गेली. ती तर पोरांसाठी नव्हतीच, गुरुजींसाठी होती.

मेरिलँडच्या आईबापांचे मला पूर्ण चूक वाटत नाही. आपल्या लेकराला काय कधी सांगायचे हे ठरवण्याचा अधिकार आईबापाला असावा. आपल्याकडे तर अधिकार पाहूनच उपदेश करण्याची रीत आहे. पण माझे लेकरू बाहेर बसू द्या म्हणणे वेगळे, आणि कोणाच्याच लेकराने ते पुस्तक पाहू नये म्हणणे वेगळे. आमच्या गुरुजींना दुसरे हवे होते.

आता "लहान मुलांना हे कशाला" या वाक्याकडे या. हे वाक्य म्हणणाऱ्यांत मीही होतो म्हणून ते मला आतून माहीत आहे. माउली, आपल्या सप्ताहात पुढच्या रांगेत कोण बसलेले असते? पोरेच. त्यांच्यासमोर आपण काय काय सांगत आलो? कुंतीने कर्णाला पेटीत घालून सोडले ते सांगितले. अहल्येची शिळा का झाली ते सांगितले. भरसभेत द्रौपदीच्या वस्त्राला हात घातला ते तर रंगवून सांगितले. रासक्रीडाही सांगितली. मर्यादा पाळून सांगितली, पण सांगितली. पोरे बिघडली नाहीत. काय उघडायचे आणि काय झाकायचे हे सांगणाऱ्याला कळत असेल तर कोणतीही गोष्ट लेकरापुढे ठेवता येते, हे कीर्तनकाराला शिकवावे लागत नाही. गुठलीच्या पुस्तकात झाकण्यासारखे तर काहीच नव्हते. एक फ्रॉक आणि एक आई.

आणि अर्जुनाची बृहन्नडा? अज्ञातवासाचे वर्ष विराटाच्या घरी तो बांगड्या भरून, वेणी घालून राजकन्येला नाच शिकवत होता. मुलांच्या प्रत्येक महाभारतात ते चित्र असते. शिखंडी असतो. भागवताच्या नवव्या स्कंधात सुद्युम्नाची कथा आहे. तो राजा शिकारीला शंकराच्या वनात गेला आणि स्त्री झाला. मग एक महिना पुरुष, एक महिना स्त्री असे त्याचे आयुष्य चालले. स्त्री असताना बुधापासून तिला पुरूरवा झाला, आणि पुरूरव्यापासून जो वंश चालला त्यातच पुढे यदू, आणि यदूच्या कुळात आपला गोपाळकृष्ण. म्हणजे ज्याच्या गवळणी आपण गातो त्याच्या कुळाची मूळ आई कोण, हे एकदा मोजून पाहा.

इथे मला थांबले पाहिजे, कारण कीर्तनात टाळी घेण्यासाठी इथून पुढे उडी मारता येते आणि ती खोटी उडी असते. बृहन्नडा शापाने झालेली, सुद्युम्नाचे स्त्रीपण शंकराच्या वनाचे. आज समलिंगी म्हणजे पुरुषाचा जीव पुरुषावर किंवा स्त्रीचा स्त्रीवर जडणे, ही गोष्ट त्याहून वेगळी आहे. गुठलीचे आणखी वेगळे आहे. त्या पेंग्विनांना आपण फ्रॉक घालायला सांगणार नाही. संतांनी समलिंगी माणसाविषयी असे असे म्हटले आहे, असे कोणी व्यासपीठावरून सांगू लागला तर त्याला गाथेचे पान विचारा. ज्ञानोबारायांना आपण माउली म्हणतो, विठोबाला विठाई म्हणतो, दाढीमिशीच्या वारकऱ्याला "माउली, जरा सरका" म्हणतो, त्यात कोणाला वावगे वाटत नाही. पण ते वात्सल्याचे नाव आहे. त्यातून दुसरे काही सिद्ध करायला जाऊ नये.

उलट बाजूनेही तेच. शास्त्रात निषेध आहे म्हणतात. आहे. मनुस्मृतीत एके ठिकाणी ते जातिभ्रंश करणारे म्हटले आहे, आणि दुसरीकडे प्रायश्चित्त सांगितले आहे ते वस्त्रांसह स्नान. तेच प्रायश्चित्त दिवसा संग करणाऱ्याला आणि बैलगाडीत करणाऱ्यालाही आहे. बायकांना शिक्षा मात्र कडक सांगितल्या आहेत, तो मनूचा नेहमीचा न्याय. पण वारकऱ्याने मनूचे पान काढावे तरी कशाला? त्याच ग्रंथाच्या आधाराने चोखोबांना महाद्वाराच्या आत येऊ दिले नव्हते. साने गुरुजी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात उपोषणाला बसले तेव्हा त्यांच्या विरोधातही शास्त्रच सांगितले गेले. मुलांना श्यामच्या आईची गोष्ट सांगणारा माणूस होता तो. त्यांच्या हळवेपणावरही लोक हसत.

हसणे. आता त्याच्यावर येतो.

आमच्या पोरांनी असा माणूस गोष्टीत कधी पाहिला नव्हता, आता प्रथमच पाहतात, हे खरे नाही. जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा तेव्हा आम्ही पोरे बैलगाड्या करून जायचो. तमाशाचा सिनेमा असला की त्यात नाच्या असायचा, आणि नाच्या म्हटले की कोल्हापूरचे गणपत पाटील. त्यांनी कंबर हलवून टाळी वाजवली की अख्खा तंबू हसायचा. माझ्या पिढीतल्या पोरांना बायकी चालीचा पुरुष कळला तो असा. त्या वेळी कोणा गुरुजीने म्हटले नाही की लहान मुलांना हे कशाला. गणपत पाटील स्वतः संसारी, लेकुरवाळे होते. पण लोक त्यांना पडद्याबाहेरही तसेच समजले आणि टोमणे घरच्यांना सोसावे लागले. सोंग वठवणाऱ्याची ही गत झाली. ज्याचे ते सोंगच नव्हते त्याचे काय झाले असेल?

याच महाराष्ट्राने बालगंधर्वांना डोक्यावर घेतले होते हेही खरे. ते जसे लुगडे नेसत तसे घरंदाज बायका नेसू पाहत. १९३१ साली त्यांनी नाटकात कान्होपात्रा उभी केली. एक पुरुष मंगळवेढ्याची कान्होपात्रा होऊन विठोबाला हाक मारतो आणि थिएटर रडते. पण बालगंधर्वांनी मेकअप उतरवला की ते नारायणराव राजहंस. आपल्याला तेच सोयीचे असते. रूप उतरवता आले तर कला, न उतरवता आले तर थट्टा.

थट्टा नसली तर काय? १९८१ साली विजय तेंडुलकरांनी "मित्राची गोष्ट" हे नाटक रंगभूमीवर आणले. एका मुलीचा जीव दुसऱ्या मुलीवर जडतो. नाटक गंभीर, मोठ्यांसाठीचे, त्यात हसू नाही. पण ती मुलगी शेवटी जीव देते. मी ते पाहिलेले नाही, पुढे वाचले. वाचून मनात आले की आमच्या गोष्टींत या माणसांना दोनच कामे दिली आहेत, हसवायचे किंवा मरायचे. बारा वर्षांचे एखादे पोर आपल्यात काहीतरी वेगळे आहे म्हणून मनातल्या मनात घाबरलेले असते, ते गोष्टीत स्वतःला शोधायला जाते तेव्हा त्याला या दोनच जागा रिकाम्या दिसतात.

आता माझे सांगतो.

१९८६ सालची गोष्ट. भोकरदन तालुक्यातलेच एक गाव. सप्ताहाची सांगता, काल्याचे कीर्तन माझे. काला म्हणजे हसणे आलेच. कृष्ण गोपाळांना घेऊन यमुनेकाठी बसतो, प्रत्येकाची शिदोरी सोडतो, पेंद्या बोबडे बोलतो, वाकड्या वाकडे बोलतो. मी त्यात एक गोपाळ माझ्या पदरचा घातला होता. लचकत यायचा, बोटे मोडत बोलायचा, गवळणींत जाऊन बसायचा. तो माझा हुकमी हशा होता. आळंदीला वारकरी शिक्षण संस्थेत चार वर्षे काढली तिथे हे कोणी शिकवले नव्हते, हे मी तंबूतल्या सिनेमातून उचलले होते.

त्या दिवशी टाळकऱ्यांत पंधरा वर्षांचा एक मुलगा उभा होता. गळा इतका गोड की चाल धरायला मी त्यालाच खूण करायचो. चालणे-बोलणे जरा नाजूक. मी ते सोंग आणले, सभा हसली, आणि हसता हसता पुढच्या रांगेतल्या एकाने त्या मुलाकडे बोट केले. मग सगळेच त्याच्याकडे पाहून हसू लागले. मी थांबायला हवे होते. मी थांबलो नाही, वाचकहो. हशा चढत होता आणि मी त्याच्यावर चढत गेलो. मुलगा टाळ वाजवतच राहिला. दहीहंडी फुटेपर्यंत उभा होता. लाह्यांचा प्रसाद घ्यायला मात्र दिसला नाही.

त्या गावात पुढे त्याला माझ्या त्या गोपाळाच्या नावानेच हाक मारू लागले. हे मला नंतर कळले. वर्षाच्या आत तो गाव सोडून गेला. त्याची आई मला एकदा राजूरच्या गणपतीला भेटली, चतुर्थीच्या गर्दीत. पाया पडली. तिला त्या कीर्तनाचे काही माहीत नव्हते, ती म्हणाली, "महाराज, पोरगं टाळ धरीत नाही हो आता." मी तिला भस्म लावून दिले.

तो भेटला २००२ च्या आषाढीत, चंद्रभागेच्या वाळवंटात. मी ओळखले नाही, त्याने ओळखले. शहरात शिवणकाम करत होता. बरोबर त्याच्याच वयाचा एक पुरुष होता. "आम्ही दोघं राहतो," एवढेच म्हणाला. वाकून नमस्कार केला, मी उठवले. काही बोलायला हवे म्हणून मी विचारले, भजन चालू आहे का? म्हणाला, "घरी म्हणतो. काल्याला जात नाही." त्याच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर बरे झाले असते. मी क्षमा मागितली नाही. लोक होते आजूबाजूला, माझे शिष्य होते, महाराजपण आड आले. त्यानंतर मी ते सोंग कधी आणले नाही, पण का सोडले हे कोणाला सांगितलेही नाही. आज सांगतो आहे.

म्हणून देवळात मी गप्प राहिलो. पुस्तकाने पोरे बिघडतात की नाही हे मला माहीत नाही. गोष्टीने एक पोर उजाड होते हे मी माझ्या हाताने केलेले आहे. आणि ती गोष्ट कोणत्या परदेशी पुस्तकातली नव्हती. ती माझ्या तोंडची होती, विठोबासमोर उभे राहून, बुक्का लावून सांगितलेली.

तुम्ही विचाराल, म्हणजे महाराजांना आता सगळे पटले काय? दोन पुरुषांचा संसार माझ्या मनाला सहज पचला असे म्हणालो तर ते खोटे होईल. मी जुना माणूस आहे, गृहस्थाश्रम म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे रखुमाई कमरेवर हात ठेवून उभी राहते. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा संबंधांना गुन्हा मानणे थांबवले. लग्नाचा प्रश्न पुढे २०२३ साली त्याच न्यायालयाने संसदेवर सोडला. त्यात कायदा काय व्हावा हे शिकलेल्यांनी पाहावे. माळ घालताना वारकऱ्याने घेतलेला नेम परस्त्री मातेसमान मानण्याचा आहे, म्हणजे वासनेला आवर घालण्याचा. तो नेम मोडणारे मी पंगतीत मानाने बसलेले पाहिले आहेत. त्या शिंप्याने कोणाचा संसार मोडल्याचे मला माहीत नाही.

मला या नव्या पुस्तकांतही एक खोट दिसते, तीही सांगून टाकतो. मुलाने आणखी दोन-चार मिळवून दाखवली. त्यांतल्या काहींत गोष्टच नव्हती, नुसता उपदेश होता, पानोपानी शहाणपण. पोरांना उपदेशाचा वास लांबून येतो. गुठली बरी वाटली कारण तिथे लेकरू रुसते, आई चुकते, आणि कोणी भाषण करीत नाही.

नात परत गेली तेव्हा पुस्तक मुद्दाम ठेवून घेतले. एकादशीला त्या गुरुजींना घरी बोलावले, चहा दिला आणि पुस्तक पुढे केले. आधी वाचा, मग बंदी मागा म्हटले. त्यांनी चष्मा लावून सगळी पाने पाहिली. चित्रे चांगली आहेत म्हणाले. मग १९८६ ची गोष्ट त्यांना सांगितली. ते त्या गावात मास्तर होते. "तो पोरगा माझ्या वर्गात होता," म्हणाले, आणि बराच वेळ बशी हातात धरून बसले. बंदीचा विषय निघाला नाही, पण त्यांचे मत बदलले असेही मी म्हणणार नाही. जाताना म्हणाले, "तरी पण महाराज, शाळेत नको."

यंदा श्रावणातल्या सप्ताहात काला माझा शिष्य करणार आहे. तरुण आहे, आवाज बुलंद आहे, आणि माझे जुने कीर्तन त्याने कोणाच्या तरी कॅसेटवरून उचलले आहे, त्या लचकणाऱ्या गोपाळासकट. परवा त्याला बोलावून सांगितले, तेवढे काढ. तो म्हणाला, "महाराज, हशा तिथंच येतो." मी म्हटले, ठाऊक आहे मला. त्याने विचारले, मग त्या जागी काय घालू? काल्याची कथा आठव म्हटले. देव मासे होऊन त्या उष्ट्यासाठी यमुनेत आले आणि कृष्णाने हात पाण्यात न धुता घोंगडीला पुसले. देवांना जे मिळाले नाही ते लंगड्या पेंद्याला मिळाले. सगळ्यांची शिदोरी सोडून झाल्यावर एक गोपाळ असा ठेव की ज्याने आपली शिदोरी पाठीमागे लपवली आहे, सगळे हसतील म्हणून. कृष्ण उठून त्याच्याजवळ जातो, तिथून पुढे तू बघ.

तो डोके खाजवत म्हणाला, "शिदोरीत काय असतं त्याच्या?"

ते मी त्याला सांगितले नाही. सप्ताहाला अजून तीन आठवडे आहेत.